वरचा विस्तव : खानदेशी घरातील सफरचंदाचा कॉबलर

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आणि मुंबई–आग्रा महामार्गावरील थांबा असे दुहेरी दळणवळण ज्या गावाला लाभले आहे, त्या नरडाण्याच्या बाजारात सफरचंद हे फळ आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. काश्मीर आणि हिमाचल येथील माल भाद्रपद-आश्विनापासून दक्षिणेकडे उतरू लागतो आणि शीतगृहांच्या सोयीमुळे पुढे कित्येक महिने हातगाड्यांवर मांडलेला दिसतो. आणि एकेकाळी केवळ आजाऱ्याच्या उशाशी ठेवावयाचे म्हणून विकत घेतले जाणारे हे फळ आज शेतकऱ्याच्या, रेल्वेतील नोकरदाराच्या आणि औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या घरी सारख्याच सहजतेने येते. परंतु ते येते ते केवळ कापून खाण्याकरिता. दोन किलो आणली, पहिले दोन दिवस मुलांनी आवडीने खाल्ली, आणि मग उरलेली पाच-सहा फळे टोपलीच्या तळाशी सुरकुतत पडली, हा प्रकार बहुतेक घरांत घडतो. शिजवलेल्या सफरचंदाची आपल्याकडे परंपरा नाही, आणि म्हणूनच या उरलेल्या फळांची काही चांगली तजवीज करता येईल हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पौषातल्या थंडीत, जेव्हा तापीकाठच्या या पट्ट्यात पहाटे हात आखडतात आणि रात्रीच्या जेवणानंतर काहीतरी ऊन ऊन गोड खावेसे वाटते, तेव्हा याच फळांचा कॉबलर करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. आणि घरात विजेची भट्टी नाही एवढ्या सबबीवर कोणी हा बेत सोडून देऊ नये, हे सांगण्यासाठीच हा लेख मुख्यतः लिहीत आहे.

कॉबलर म्हणजे फळांच्या गोड, रसदार फोडींवर मऊ पिठाचे गोळे सोडून भट्टीत भाजलेला पदार्थ. त्याची घडण अमेरिकेत झाली, आणि ती श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात नव्हे. लेटिस ब्रायन या बाईंनी १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या पाकग्रंथात पीच फळाच्या अशा पदार्थाची कृती आढळते, आणि पाहुण्यांपुढे मिरविण्याचा नव्हे, तर घरच्या माणसांना पोटभर वाढण्याचा पदार्थ म्हणूनच तिथे त्याची गणना केलेली आहे. पश्चिमेकडे वसाहत करण्यास निघालेल्या कुटुंबांपाशी विटांची भट्टी कोठली असणार? त्यांच्यापाशी असे ते तीन पायांचे जाड बिडाचे भांडे आणि त्यावर काठ असलेले सपाट झाकण. भांड्याखाली थोडे निखारे आणि झाकणावर पुष्कळ निखारे ठेवले की तीच त्यांची भट्टी. जो पदार्थ मुळातच भट्टीवाचून निर्वाह करणाऱ्या माणसांच्या हातचा आहे, तो करण्यास भट्टी नाही म्हणून कचरणे हे त्याच्या स्वभावाशीच विसंगत होय.

या पदार्थाची सारी किल्ली वरच्या उष्णतेत आहे. खानदेशातील गृहिणी विस्तवाच्या बाबतीत कोणापेक्षाही कमी जाणकार नाही. पालथ्या मातीच्या खापरावर ती भल्या थोरल्या पुरणपोळ्या भाजते, गोवऱ्यांच्या आरात पुरून बट्टी भाजण्याची रीत तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भरताची वांगी कशी व किती भाजावी हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु या तिन्ही प्रकारांत पदार्थाच्या सर्वांगाला आच लागावी म्हणून जी युक्ती योजलेली आहे ती नीट पाहावी : पोळी उलटता येते, वांगे फिरवता येते, आणि बट्टी चोहोबाजूंनी निखाऱ्यात गाडता येते. कॉबलर उलटता येत नाही, कारण त्याच्या तळाशी रस आहे. फिरवता येत नाही, कारण त्याचे वरचे आवरण मऊ आहे. आणि गाडता तर मुळीच येत नाही. तेव्हा पदार्थ जागच्या जागी ठेवून उष्णतेलाच त्याच्या डोक्यावर नेणे एवढाच मार्ग उरतो. चुलीवरची किंवा गॅसवरची आच केवळ खालून येते. तिने फळ शिजेल, पीठ फुगेल, पण वरून ते पांढुरके, ओलसर आणि उकडल्यासारखे राहील. ही अडचण ज्याने ओळखली त्याला पुढचा बंदोबस्त आपोआप सुचतो.

हा बंदोबस्त तीन प्रकारे करता येतो. घरात विजेवर चालणारा लहान ओव्हन असेल तर वरची व खालची अशा दोन्ही सळया चालू ठेवून तो १९० अंश सेल्सिअसवर निदान १० मिनिटे आधी तापवावा. असे यंत्र पुष्कळ वीज ओढते, म्हणून ते १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच जोडावे, आणि आपल्या भागात वीज कोणत्या वेळी जाते याचा अंदाज घेऊनच कामाला आरंभ करावा. अर्धवट फुगलेले पीठ वीज जाऊन थंडावले की पुन्हा फुगत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची, खोल, लोखंडी किंवा जाड ॲल्युमिनियमची कढई घ्यावी. तिच्या तळाशी जाड्या मिठाचा सुमारे २ सेंटीमीटरचा थर पसरावा, त्यावर धातूची तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावावे आणि मध्यम आचेवर ती १२ ते १५ मिनिटे तापू द्यावी. हे मीठ नंतर खाण्याच्या उपयोगाचे राहत नाही, पण डब्यात भरून ठेवल्यास याच कामासाठी पुनःपुन्हा वापरता येते. निर्लेप भांडे या कामी घेऊ नये. पुष्कळ जण शिटी व रबर काढून प्रेशर कुकर वापरतात. पण कोरडा तापविण्यासाठी तो बनविलेला नसतो, आणि कढईने काम भागत असता त्याला राबविण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. आता कढईत वरची आच कोठून आणावयाची? त्यासाठी दुसऱ्या शेगडीवर बिडाचा जाड तवा कडकडीत तापवावा, आणि शेवटची १० मिनिटे राहिली की कढईचे झाकण काढून हा तवा सांडशीने धरून कॉबलरच्या भांड्याच्या काठांवर पालथा ठेवावा. पिठाचे गोळे आणि तवा यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहील इतके भांडे खोल असावे. तवा निवत आला की पुन्हा तापवून पुन्हा ठेवावा. दोन वेळा असे केल्याने वरच्या आवरणावर जो बदामी रंग चढतो, तो नुसत्या झाकणाखाली कधीच चढत नाही.

तिसरा प्रकार अंगणातला आहे, आणि ज्यांच्या घरी चूल अद्याप पेटते त्यांनी तो अवश्य करावा, कारण चवीच्या दृष्टीने मी त्याला पहिला मान देतो. जाड बुडाचे पातेले तीन विटांवर ठेवावे, त्यावर काठाची लोखंडी परात झाकावी आणि परातीत निखारे पसरावेत. पदार्थ भाजावयाचा असतो तेव्हा निखाऱ्यांचे दोन हिस्से वर आणि एकच हिस्सा खाली हे प्रमाण सोडू नये. आपला हात नेमका याच्या उलट वळतो, कारण विस्तव खालीच असावयाचा ही आपली जन्माची सवय आहे. जुन्या मराठी घरांतून नानकटाई आणि केक याच रीतीने भाजले जात, त्यामुळे हे तंत्र आपल्याला सर्वस्वी परके नाही. परात अधूनमधून उचलावी लागते, तेव्हा राख आत पडू नये म्हणून ती तिरपी न करता सरळ वर उचलून बाजूला ठेवावी. आणि एक ताकीद कडक शब्दांत : निखाऱ्यांचे हे काम उघड्यावरच करावे. थंडी आहे म्हणून बंद खोलीत निखारे ठेवल्यास त्यातून निघणारा विषारी वायू वासावाचून, धुरावाचून माणसाचा प्राण घेतो.

फळांच्या निवडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चुकले तर पुढचे कौशल्य वाया जाते. आपल्या बाजारात येणारा बहुतांश माल लाल ‘डेलिशस’ जातीचा असतो. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढ येथे याच जातीची रोपे आणून लावली, आणि त्यातून हिमाचलातील फळबागांचे आजचे स्वरूप सिद्ध झाले. खाण्यास हे फळ मधुर, पण शिजविण्याच्या दृष्टीने त्यात दोन उणिवा आहेत : त्यात आंबटपणा फार थोडा असतो, आणि उष्णता लागताच ते लवकर विरघळते. पिवळ्या सालीचे ‘गोल्डन’ त्यापेक्षा बरे. काश्मीरची उशिराने येणारी ‘महाराजी’ ही आंबटसर, रसाळ जात कोठे मिळाली तर ती सोडू नये. हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ शिजूनही आपला आकार राखते आणि त्याचा आंबटपणा या पदार्थाला अत्यंत अनुकूल असतो. धुळे किंवा नाशिक येथील मोठ्या फळवाल्यांकडे ते मिळते, पण त्याची किंमत पाहता निम्मी लाल आणि निम्मी हिरवी असे मिश्रण करणे व्यवहाराचे ठरेल. आणि केवळ लालच फळे घरात असतील तर? तर फोडी जाड ठेवाव्यात आणि लिंबाचा हात सढळ ठेवावा. कॉबलर उत्तम होईल. सुरकुतलेले फळ चालते, परंतु आतून पिठूळ झालेले किंवा देठाशी काळे पडलेले चालत नाही.

सहा माणसांना पुरेल असे प्रमाण देतो. १ किलो सफरचंदे कोमट पाण्याने चोळून धुवावीत, कारण पुष्कळदा त्यांवर मेणाचा हात दिलेला असतो. साल काढावी, बियांचा गाभा काढावा आणि सुमारे १ सेंटीमीटर जाडीच्या फोडी कराव्यात. चिरलेली फोड हवेने तांबूस पडते, तो दोष टाळण्यासाठी चिरता चिरताच त्यांवर एका लिंबाचा रस टाकत जावा. साली मात्र फेकू नयेत. फळाला दाटपणा देणारे पेक्टिन हे द्रव्य साल आणि गाभा यांत भरपूर असते. म्हणून बिया वेगळ्या काढून साली व गाभा १ पेला पाण्यात मंद आचेवर उकळावा, पाणी पाव पेला उरले की गाळून घ्यावे, आणि तो गुलाबी अर्क फोडींत मिसळावा. हा उद्योग ज्यांना दगदगीचा वाटेल त्यांनी सोडून दिल्यास पदार्थ बिघडणार नाही. पण लाल सफरचंदात जो गंधाचा उणेपणा असतो तो या अर्काने जसा भरून निघतो, तसा दुसऱ्या कशानेही निघत नाही, असे माझे मत आहे. फोडींत ८० ते १०० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, अर्धा चहाचा चमचा दालचिनीची पूड, किसलेले थोडे जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून कालवावे. निम्म्या साखरेऐवजी बारीक चिरलेला गूळ घातला तर रंग गडद येतो आणि चवीला एक खमंग खोली येते. वेलदोडा येथे घालू नये. तो आपल्या प्रत्येक गोडात असतो खरा, पण सफरचंदाचा मंद सुगंध त्याच्यापुढे टिकत नाही.

हे मिश्रण सुमारे २० सेंटीमीटर व्यासाच्या आणि निदान ८ सेंटीमीटर खोलीच्या धातूच्या भांड्यात भरावे, वर लोण्याचे दोन-चार लहान तुकडे टाकावेत, आणि पीठ घालण्यापूर्वी भांडे एकटेच भट्टीत किंवा कढईत ठेवून १५ मिनिटे तापू द्यावे. ही पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि कच्चे राहिलेले कॉबलर बहुतेक याच मोहाचे फळ असते. थंड फोडींवर पीठ सोडले तर ते वरून भाजते, मात्र खालून रसात भिजून चिकट कणकेसारखे राहते. उलट फोडी आधीच वाफाळत असतील तर गोळ्यांना खालूनही आच मिळते आणि ते दोन्ही अंगांनी शिजतात. काचेचे भांडे ओव्हनपुरतेच वापरावे. कढईत किंवा निखाऱ्यांवर नव्हे.

फोडी तापत असतानाच पिठाची तयारी करावी. १५० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे साखर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चहाचा चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. त्यात ६० ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढ्या कण्या दिसू लागल्या की हात थांबवावा. या कण्या जशाच्या तशा राहणे अगत्याचे आहे, कारण भट्टीत त्या वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफच पिठाला हलकेपणा देते. पौषात आपल्या घरांतील हवाच या कामी साहाय्य करते. पण फाल्गुनानंतर खानदेशी उन्हाळ्यात लोणी हातातच पाघळते, तेव्हा मैदा आणि लोणी दोन्ही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच हे काम करावे. लोण्याऐवजी साजूक तूप घ्यावयाचे असल्यास ते ५० ग्रॅम पुरे, कारण तुपात पाणी जवळजवळ नसते. मात्र ते थिजलेले असावे, आणि ओलाव्याची भरपाई म्हणून दूध एखादा चमचा अधिक घालावे. तुपाचे आवरण लोण्याइतके फुलत नाही, पण नानकटाईसारखे खुसखुशीत होते, आणि पुष्कळांना तेच अधिक रुचेल. ५० ग्रॅम मैदा कमी करून त्या जागी दादरचे, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीचे, बारीक चाळलेले पीठ घातले तरी चालते. त्याने आवरण किंचित रवाळ आणि गोडसर होते. याहून अधिक घालू नये, कारण ज्वारीच्या पिठाला मैद्यासारखा धरून ठेवणारा चिकटपणा नसतो.

शेवटी अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर, ताजे दही व दूध समभाग फेटून पिठात ओतावे आणि चमच्याने आठ-दहा वेळा हलवून सोडून द्यावे. दही चांगले आंबट असेल तर त्याच्या जोडीला चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पीठ मळावयाचे नाही. ज्या हाताने वर्षानुवर्षे पोळीची कणीक तिंबली, त्या हाताला हे विस्कटलेले, ओलसर पीठ पाहून राहवत नाही आणि तो नकळत मळू लागतो. पण मळण्याने मैद्यात जो तणाव उत्पन्न होतो, तो पोळीला जितका उपकारक तितका येथे घातक आहे. भांडे बाहेर काढून गरम फोडींवर या पिठाचे सहा-सात गोळे चमच्याने सोडावेत. सर्व पृष्ठभाग झाकू नये. मधून मधून फळ दिसत राहावे, म्हणजे वाफेला वाट मिळते. गोळ्यांवर दुधाचा हात फिरवून थोडी साखर भुरभुरावी, तिच्यामुळे रंग लवकर चढतो.

ओव्हनमध्ये यापुढे २५ ते ३० मिनिटे लागतात, कढईत ४० ते ४५, आणि निखाऱ्यांवर विस्तवाच्या जोमाप्रमाणे यांच्या दरम्यान. कढईत वाफ कोंडून तिचे थेंब झाकणावरून पिठावर पडतात, म्हणून अर्धा वेळ गेल्यावर झाकण थोडेसे फटीवर ठेवावे. पहिली २० मिनिटे मात्र उघडून पाहण्याची घाई नको. घड्याळापेक्षा खुणांवर विश्वास ठेवावा. कडेचा रस उकळणे ही खूण अपुरी आहे; मध्यभागी, गोळ्यांच्या फटींतून, दाट बुडबुडे संथपणे वर येऊ लागले म्हणजेच कॉर्नफ्लोअर पुरते शिजले असे समजावे. मग मधला गोळा चमच्याने थोडा उचलून त्याचा तळ पाहावा. तो ओला व चकचकीत असेल तर आणखी ५ ते ७ मिनिटे द्यावीत. पोळीच्या आतल्या पदरासारखा कोरडा आणि जाळीदार असेल तर काम झाले.

याच रीतीने जळगाव, रावेर, यावल भागातील केळी वापरून कॉबलर करण्यास काहीच हरकत नाही. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या शेजारी राहून आपण ती केवळ शिकरणीत संपवावी हे मला योग्य वाटत नाही. केळी नुकती पिवळी झालेली, घट्ट घ्यावी, साखर निम्मी करावी, लिंबाचा रस दुप्पट करावा, आणि फळ आधी १५ मिनिटे नव्हे तर फक्त ५ मिनिटे तापवावे. निम्मी केळी आणि निम्मी सफरचंदे हे मिश्रणही चांगले लागते; त्यात सफरचंदे आधी तापवून केळीच्या चकत्या पीठ सोडण्याच्या वेळीच मिसळाव्यात.

भट्टीतून काढल्यावर कॉबलर १५ ते २० मिनिटे तसाच ठेवावा. या अवधीत रस दाट होतो, आणि खाणाऱ्याची जीभही वाचते, कारण साखरेत उकळलेले फळ दिसते त्यापेक्षा पुष्कळच अधिक तापलेले असते. बाजारचे व्हॅनिला आइस्क्रीम त्यासोबत देण्याची प्रथा आहे, आणि मुलांना ते आवडते; परंतु म्हशीच्या दुधाची जाड, बिनसाखरेची, गार साय चमच्याने घुसळून वर घातली तर फळाचा आंबटपणा आणि गोळ्याचा खमंगपणा दोन्ही उठून दिसतात. ज्या घरी दूधदुभते आहे त्या घरी दुसरे काही आणण्याची गरज नाही. उरलेला कॉबलर झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. तो पुन्हा ऊन करताना झाकण घालू नये, नाहीतर वरचे आवरण भिजून लगदा होते. ओव्हनमध्ये १६० अंशांवर १० ते १२ मिनिटे ठेवावा, किंवा मिठाच्या तापलेल्या कढईत भांडे ठेवून वर पुन्हा तोच तापलेला तवा पालथा घालावा.